तिसऱ्या उड्डाणापासून पैसे: वरुड पट्ट्यातल्या एका संत्रा कंपनीचं प्रकरण

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शी पट्ट्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीने आपल्याच संचालकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या विमानप्रवासावर कर बसवला, त्याची ही हकीकत. कर सरकारी नव्हे, घरचा. आमसभेत ठराव करून लावलेला. कंपनीचं नाव देत नाही. मी त्यांच्या हिशेबाचं काम पाहतो, प्रवासाची व्हाउचरं माझ्या हाताखालून जातात आणि नियमाच्या मसुद्यावरही माझा हात फिरलेला आहे. तेव्हा मी अगदीच तटस्थ आहे असं कुणी समजू नये.

आधी हे लोक विमानात बसायला लागलेच कसे, ते. नागपुरी संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. तिथल्या सरकारने आयात शुल्क चढवत नेलं. २०१९ मध्ये किलोला २० रुपये होतं, ते २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेलं. बागेत शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावापेक्षा सीमेवरचा कर जास्त, अशी अवस्था. आधी व्यापारी यायचा, बगीचा उक्ता घ्यायचा, तोड करून माल लादून न्यायचा. माल पुढे कुठे जातो हे शेतकऱ्याला माहीत असायची गरजच नव्हती. ती साखळी ढिली झाल्यावर कंपनीला स्वतः बाजार धुंडाळणं भाग पडलं. फळांना मेणाचा थर देणारं वॅक्सिंगचं युनिट होतं, क्रेट होते, आंबिया बहाराचा माल होता. मग दिल्लीची आझादपूर फळमंडी, बेंगळुरू, कोची अशा वाऱ्या सुरू झाल्या. व्यवस्थापक जायचे, अध्यक्ष जायचे, कधी दोघं मिळून जायचे.

आमसभेत प्रवासखर्चाचा आकडा वाचला गेला आणि मागच्या रांगेतून आवाज आला, “आमचा संत्रा जाते ट्रकात अन् सायेब जाते इमानात!” हशा पिकला, पण विषय हशावर मिटला नाही. मुळात ही तक्रार पैशाचीच होती. हवामानाचा मुद्दा तिथे आणला एका तरुण सभासदाने. कृषी पदवीधर, स्वतःची बाग, आणि त्या वर्षी गळीने मार खाल्लेला.

गळ म्हणजे काय हे संत्र्याच्या पट्ट्याबाहेरच्यांना सांगायला हवं. आंबियाचा फुलोरा जानेवारी-फेब्रुवारीत येतो, फळ दिवाळीच्या आगेमागे उतरतं. मध्ये त्याला दोन घाट पार करावे लागतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की गोटीएवढं फळ झाडाला धरून राहत नाही, सकाळी बागेत गेलं तर झाडाखाली हिरवा सडा. त्यातून वाचलेलं फळ ऑगस्ट-सप्टेंबरच्या झडीत देठाशी सडतं आणि पुन्हा गळतं. उन्हाळ्यात झाड तगवायचं तर पाणी हवं, आणि वरुड तालुक्याचं भूजल तर कधीचंच अतिउपशात गेलेलं. बोअर किती फूट खाली नेली यावर गावात अजूनही पैजा लागतात. ऊन वाढलं आणि पावसाचा ताल बिघडला की मार कुणाला बसतो, हे या सभेला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो पोरगा एवढंच म्हणाला की आपल्या फळाला उन्हाने मारणाऱ्या धुरात आपलाच पैसा कशाला जाळायचा.

त्यावर अध्यक्षांनी रास्त प्रश्न विचारला: आपल्या ट्रकचा धूर नाही का? मग तिथल्या तिथे हिशेब झाला. नागपूर-दिल्ली विमानात एका माणसाच्या वाट्याला एका बाजूने साधारण ८० किलो कार्बन डायऑक्साइड येतो, जाऊन-येऊन १६०. ट्रक चार किलोमीटरला एक लिटर डिझेल खातो असं धरलं तर हजार किलोमीटरला २५० लिटर, आणि लिटरमागे साधारण २.७ किलोच्या हिशेबाने पावणेसातशे किलो. म्हणजे व्यवस्थापकांच्या चार दिल्लीवाऱ्या आणि टनावारी संत्रा घेऊन दिल्लीला गेलेला एक भरला ट्रक, दोन्हींचा धूर जवळपास सारखा. ट्रकातून माल जातो, त्याचे पैसे येतात. विमानातून व्हिजिटिंग कार्ड जातात. शिवाय विमानाचा हिशेब कार्बनवर संपत नाही. उंचावर सुटणारे नायट्रोजन ऑक्साइड आणि आभाळात उमटणाऱ्या पांढऱ्या रेघा धरल्या तर विमानवाहतूक पृथ्वी जेवढी तापवते, त्यातला कार्बनचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपासच येतो.

जगाचे आकडे मी सांगितले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०१८ साली जगातल्या फार तर ११ टक्के लोकांनी विमानप्रवास केला, आणि प्रवासी विमानांच्या निम्म्या कार्बनला जबाबदार होते फार तर १ टक्का लोक. इंग्लंडमधल्या सरकारी पाहणीत १५ टक्के लोक ७० टक्के उड्डाणं करताना आढळले होते. त्यावरूनच तिथे कल्पना पुढे आली की तिकिटागणिक सरसकट कर लावण्याऐवजी माणसागणिक मोजावं: वर्षातलं पहिलं उड्डाण मोकळं, पुढे प्रत्येक उड्डाणाला चढता कर. आयसीसीटी या संशोधन संस्थेने २०२२ मध्ये असा कर जगभर लावला तर काय होईल याचं गणित मांडलं. दुसऱ्या उड्डाणाला ९ डॉलर, तिथून चढत विसाव्याला १७७ डॉलर. वर्षाला १२१ अब्ज डॉलर जमतील.

सभेला हे पटायला वेळ लागला नाही. बसलेल्यांतले बहुतेक एसटीने आलेले. त्यांच्या तिकिटात १७.५ टक्के प्रवासी कर असतो आणि विमानाच्या साध्या वर्गाच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के. हे मी सांगितलं तेव्हा सभागृहात जे झालं त्याला चर्चा म्हणता येणार नाही.

नियम असा ठरला. आर्थिक वर्षात कंपनीच्या कामासाठी कुणाचीही पहिली दोन उड्डाणं, म्हणजे एकदाचं जाणं-येणं, मोकळी. तिसऱ्याला ५०० रुपये, चौथ्याला १०००, पुढे दर उड्डाणाला ५०० ची चढ. दहा उड्डाणं झाली तर एकूण १८ हजार. जमलेला पैसा बागांच्या आच्छादनासाठी आणि शेततळ्यांच्या प्लास्टिकसाठी. मध्ये विमान बदललं तर दोन उड्डाणं धरायची, कारण चढण्यातच इंधन जास्त जळतं. ही शेवटची अट मी घातली होती आणि तिच्यामुळे पुढे मला बरंच ऐकून घ्यावं लागलं.

पैसे कुणी भरायचे यावर मात्र सभा अडली. कंपनीने भरले तर शेतकऱ्याच्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात. व्यवस्थापकांनी पगारातून भरावेत, तर ते म्हणाले, “मी हौसेनं जातो का? तुम्ही पाठवता म्हणून जातो.” बरोबर होतं त्यांचं. ही अडचण या छोट्या कंपनीची एकटीची नाही. कामासाठी उडणाऱ्यांचं तिकीट मालक काढतो आणि मोजणी नोकराच्या नावावर चढते, हा या कराच्या कल्पनेतलाच गुंता आहे. शेवटी तोडगा निघाला: कर्मचाऱ्याचा कर विक्री विभागाच्या ठरलेल्या बजेटमधून जाईल, आणि त्याच बजेटातल्या शिलकीवर व्यवस्थापकांचा बोनस ठरेल. संचालकांनी मात्र स्वतःच्या बैठक भत्त्यातून भरायचं. संचालक हौसेनं जातात की नाही, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

पहिल्या हंगामात बदल दिसला, आणि तो लगेच दिसला. याआधीही एक नियम होताच: विमानाने जायला अध्यक्षांची लेखी परवानगी. ती परवानगी नाकारल्याचा एकही कागद फायलीत नाही. परवानगी मागणारा आणि देणारा एकाच गाडीतून विमानतळावर जाणार असतील तर नाकारणार कोण? किंमत लागल्यावर मात्र व्यवस्थापकांनी स्वतःच बेंगळुरू आणि कोची एका दौऱ्यात बसवलं. दिल्लीला एका बाजूने रेल्वे धरली. नागपूरला दुपारी बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्ली. आझादपूरचे सौदे भल्या पहाटे सुरू होतात, त्यामुळे रेल्वेने जा नाहीतर विमानाने, आदला मुक्काम चुकत नाही. वरुडहून नागपूर, तिथे विमानतळावर ताटकळणं, उतरल्यावर दिल्लीतली वाहतूक, हे सगळं धरलं तर विमानाने वाचणारा वेळ तिकिटावर छापलेल्या वेळेपेक्षा बराच कमी निघतो. हे त्यांना आधीही माहीत असणार. फरक इतकाच की आधी ते मोजायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या हंगामात नियमाला भोक पडलं, आणि या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग तोच आहे.

दर माणसाची पहिली वारी मोकळी ना? मग दरवेळी नवा माणूस पाठवायचा. आधी अध्यक्षांचे पुतणे “प्रतिनिधी” म्हणून गेले. त्यावर कुजबुज झाली, तेव्हा सभासदांना पाळीने न्यायचं ठरलं: बाजार बघतील, दलालांशी बोलतील, परत येऊन गावाला सांगतील. कल्पना वाईट नव्हती. संचालक मंडळावरच्या काकू अशाच दिल्लीला गेल्या. साठीच्या पुढे वय, आयुष्यात पहिल्यांदा विमान. नागपूरच्या विमानतळावर तपासणीत त्यांच्या पिशवीतला अडकित्ता निघाला. सुरक्षेच्या माणसाने तो बाजूला काढून ठेवला, काकूंनी हुज्जत घातली, मागे रांग वाढली. परत आल्यावर त्यांनी विमानाबद्दल अवाक्षर काढलं नाही. “मायच्या मायचा अडकित्ता व्हता तो, ठून घेतला बाप्पा त्यायनं,” एवढंच चार जणांना सांगितलं. आझादपूरबद्दल मात्र त्यांनी जे सांगितलं ते व्यवस्थापकांच्या एकाही अहवालात नव्हतं: आपल्या क्रेटमधला वरचा थर आणि खालचा थर वेगवेगळ्या आकाराचा निघतो, म्हणून दलाल आपला माल बोलीला शेवटी काढतो. पुढच्या आठवड्यापासून प्रतवारी बदलली. काकूंच्या त्या एका वारीने कंपनीला जे मिळालं, ते आधीच्या सगळ्या वाऱ्यांनी मिळालं नव्हतं, असं माझं मत आहे. पहिलं उड्डाण मोकळं ठेवण्याचा हेतू तो हाच.

पण वर्षअखेर व्हाउचरं लावली तेव्हा चित्र असं: कराची जमा जवळजवळ शून्य आणि एकूण उड्डाणं पहिल्या हंगामापेक्षा जास्त. कुणीच फार उडालं नव्हतं. सगळे मिळून पूर्वीएवढेच उडाले होते. माणसागणिक मोजणीने उड्डाणं वाटली गेली, कमी झाली नाहीत. हवेला त्याचं काय? तिला प्रवाशाच्या नावाशी घेणंदेणं नाही.

हे देशाच्या पातळीवर कितपत लागू होतं, यावर मी बराच विचार केला. घरगुती प्रवासात माणूस बदलता येत नाही. मुलाला भेटायला आईऐवजी शेजारीण जात नाही. सुट्टीसाठी वर्षातून पाचदा उडणारा आपली चार उड्डाणं भाच्याच्या नावावर टाकू शकत नाही. तिथे चढता कर नेमका लागेल. कामाच्या प्रवासात मात्र ज्याच्याकडे माणसं जास्त त्याला पळवाट मोठी. पन्नास जणांची फौज असलेली कंपनी आपलं उडणं पन्नासांत वाटून टाकेल आणि एकटा सल्लागार भरत बसेल. म्हणून नुसता माणसागणिक कर पुरत नाही, त्याच्या जोडीला इंधनावरचा कर हवाच. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या बाबतीत तिथे जुनी गाठ आहे: १९४४ च्या शिकागो करारानुसार विमानाच्या टाकीतून आलेल्या इंधनावर दुसरा देश शुल्क घेऊ शकत नाही, आणि पुढे देशादेशांतल्या करारांनी ही सूट आणखी रुंद केली. देशांतर्गत उड्डाणांना तशी आडकाठी नाही, राज्यं विमानाच्या इंधनावर व्हॅट घेतात. पण महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. एसटीच्या प्रवासी कराचा आकडा वर दिलाच आहे.

कंपनीपुरता उपाय सोपा होता. नियमात दुसरं कलम घातलं: माणसागणिक चढता कर राहील, शिवाय कंपनीच्या एकूण उड्डाणांचीही मर्यादा राहील, आणि ती ओलांडली तर पुढच्या प्रत्येक उड्डाणाला, प्रवासी पहिल्यांदा जाणारा असला तरी, कर लागेल. पुतण्यांचं प्रतिनिधित्व तिथे संपलं.

मोजणी कशी करायची हा प्रश्न कंपनीत पडला नाही, व्हाउचरवर नाव असतंच. देशात पडेल असं म्हणतात. मला ती सबब वाटते. देशांतर्गत विमानप्रवाशांचा २०२४ चा १६ कोटींहून मोठा आकडा हा प्रवासांचा आहे, माणसांचा नाही, हे खरं. पण माणसागणिक वर्षभराची बेरीज करून चढता दर लावणं आपल्या व्यवस्थेला नवं नाही. ऑक्टोबर २०२३ पासून परदेशी सहलीच्या पॅकेजवर वर्षाला सात लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे २० टक्के टीसीएस (विकणाऱ्यानेच गिऱ्हाइकाकडून गोळा करायचा कर) लावला गेला होता, आणि ती बेरीज पॅनवरच होत होती. सहलीची होऊ शकली तर उड्डाणांचीही होईल.

विरोध झाला तो निराळ्याच बाजूने. एक संचालक म्हणाले, “विदर्भाले आत्ता कुठं इमान भेटलं, अन् लगेच कर? म्हणजे इथंही आपला अनुशेषच!” यावर हसण्यासारखं काही नाही. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालं, ते उडान योजनेतून. त्या योजनेची रचना पाहिली तर गंमत आहे: मोठ्या शहरांमधल्या उड्डाणांवर आकार घ्यायचा आणि त्यातून छोट्या विमानतळांवरच्या विमानांचा तोटा भरून काढायचा. म्हणजे उडणाऱ्यांकडून वसुली आपल्याकडे आधीपासून आहे, फक्त तो पैसा पुन्हा उडण्यातच जातो. मी त्या संचालकांना म्हटलं, वर्षातून एकदा मुंबईला जाणाऱ्याला हा कर शिवतही नाही. आणि अनुशेष मोजायचाच तर रुळांचा मोजा. मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी शकुंतला बंद पडून आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाची गाडी २०२४ मध्ये कळंबपर्यंत पोचली, त्याचाच केवढा आनंद झाला होता. चढत्या कराचा पैसा अशा रुळांवर आला तर विदर्भाचं त्यात नुकसान काय? त्यांना ते पूर्ण पटलं नाही. माझ्या मते त्यांचा राग कराइतकाच पुण्या-मुंबईवरही होता, आणि त्या रागावर माझ्याकडे उत्तर नाही.

उरला सवलतींचा भाग. ठरावात एकच सवलत होती: आजारपण. ती आजवर कुणी वापरलेली नाही, कारण आजारी माणूस नागपूरला, सेवाग्रामला किंवा सावंगीला गाडीने जातो. बाकी जे अर्ज आले ते सगळे जास्त उडणाऱ्यांचे. दिल्लीत मंत्रालयाची बैठक आहे, ती कंपनीच्या भल्याची, म्हणून मोजू नये. प्रदर्शनाला बोलावलंय आणि तिकीट आयोजकांनी दिलंय, म्हणून मोजू नये. प्रत्येक अर्ज एकेकटा वाचला तर मान्य करावासा वाटतो, म्हणूनच एकही मान्य करू नये असं मी मंडळाला सांगितलं. स्वीडनने २०१८ मध्ये आणलेला विमान कर जुलै २०२५ मध्ये रद्द केला. असा कर मोडताना कारणं नेहमी चांगलीच दिली जातात.

सध्या वाद चालू आहे तो कोचीचा. मध्ये विमान बदललं की एका कोचीवारीत चार उड्डाणं मोजली जातात. त्याआधी दिल्ली झालेली असेल तर या एकाच दौऱ्याचे पाच हजार. रेल्वेने एर्नाकुलम म्हणजे एका बाजूलाच दीड दिवसाच्या आसपास, आणि ऐन तोडीच्या दिवसांत व्यवस्थापक तीन दिवस गाडीत बसून राहिले तर इथे वॅक्सिंगवर लक्ष कोण ठेवणार, हा त्यांचा मुद्दा खोटा नाही. विमान बदलण्याची अट काढून टाकावी असा ठराव पुढच्या आमसभेत येतोय. मी त्याविरुद्ध टिपण दिलं आहे: अट राहू द्या, कोचीला वर्षातून एकदा जा, आणि तिथल्या दलालाला एकदा वरुडला बोलवा. तो आला तर त्याचं पहिलंच उड्डाण असेल असं नाही, पण ते आपल्या खात्यात मोजायचं की त्याच्या, यावर मंडळात आताच दोन तट पडले आहेत.